हृदयाची तक्रार असताना व्यायाम: ठोके मोजणारे घड्याळ नीट कसे वापरावे

अँजिओप्लास्टी झाली, बायपास झाला किंवा ठोक्यांच्या अनियमितपणासाठी गोळ्या सुरू झाल्या की डॉक्टर एक गोष्ट आवर्जून सांगतात: "आता रोज चालायला लागा." किती वेगाने चालायचे, कुठे थांबायचे आणि लागलेली धाप साधी की काळजीची हे कसे ओळखायचे, हे विचारणे मात्र बाहेरच्या गर्दीमुळे राहून जाते. मग घरातली मुले नागपूरच्या सीताबर्डीतून किंवा ऑनलाइन एखादे स्मार्टवॉच आणतात आणि ते मनगटावर बांधून माणूस अंबाझरी, फुटाळा किंवा महाराजबागेकडे फिरायला जाऊ लागतो. यातून दोन प्रकारची माणसे तयार होतात. काही जण आकडा शंभराच्या वर गेला की घाबरून बाकावर बसतात आणि हळूहळू फिरणेच सोडतात, तर काही जण छातीत जडपणा जाणवत असूनही घड्याळात सारे ठीक दिसते म्हणून चालत राहतात. पहिल्यांचे नुकसान सावकाश होते, दुसऱ्यांचे त्याच दिवशी होऊ शकते. म्हणून तीन गोष्टी सुरुवातीलाच पक्क्या कराव्यात: ठोक्यांची मर्यादा डॉक्टरांनी ठरवावी, घड्याळाने फक्त मोजावे, आणि छातीत काही वेगळे वाटू लागले तर आकड्याकडे बघूच नये, थांबावे.

घड्याळ घेण्याआधी डॉक्टरांची भेट

काही परिस्थितींत व्यायाम सुरू करण्याचा विचारही आधी तपासणी झाल्यावरच करावा. बसल्या जागी छातीत दुखणे, पूर्वी दोन जिने चढल्यावर येणारी कळ आता एका जिन्यात येऊ लागणे, पायांवर सूज आणि झोपल्यावर दम लागणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, महाधमनीची झडप फार अरुंद असणे, किंवा अंगात ताप असणे, यांपैकी काहीही असेल तर घड्याळ कितीही चांगले असले तरी त्याचा उपयोग नाही.

ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना, मग ते धंतोली-रामदासपेठेतले असोत की सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीतले, सरळ विचारावे की व्यायामाची मर्यादा ठरवण्यासाठी टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) करणे योग्य आहे का. या चाचणीत छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालवतात. ब्रूस नावाच्या प्रचलित पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवले जातात आणि ईसीजी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवले जाते. कितव्या ठोक्याला ईसीजीत बदल दिसला किंवा त्रास सुरू झाला, हे त्यातून कळते.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आजाराचे निदान करायचे असेल तेव्हा काही गोळ्या चाचणीआधी बंद करायला सांगतात, पण व्यायामाची मर्यादा काढायची असेल तर रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी घेऊनच चाचणी झालेली बरी, कारण फिरायला जाताना तुम्ही त्या गोळ्यांवरच असणार आहात. त्यामुळे चाचणी कशासाठी आहे हे आधी बोलून घ्यावे आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये.

भेटीला जाताना कागदावर प्रश्न लिहून न्यावेत: व्यायामात माझे ठोके किती ते किती असावेत, कोणत्या आकड्यापुढे जाऊ नये, वजन उचलावे का आणि किती, कोणत्या लक्षणाला थांबून फोन करावा. उत्तरे डॉक्टरांसमोरच त्याच कागदावर लिहून घ्यावीत. "झेपेल तेवढे करा" हे उत्तर मिळाले तर नम्रपणे आकडा पुन्हा मागावा. तो मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

२२० वजा वय हे सूत्र तुमच्यासाठी का नाही

बहुतेक घड्याळे आणि त्यांची ॲप तुमचे वय विचारतात आणि २२० मधून ते वजा करून ठोक्यांची कमाल संख्या धरतात. हे सूत्र सरासरीचे आहे. निरोगी माणसांतही प्रत्यक्षातला आकडा त्यापेक्षा १० ते १२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. हृदयरुग्णांमध्ये त्याहून मोठी अडचण गोळ्यांची असते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर औषधे ठोक्यांना मुद्दाम लगाम घालतात आणि तेच त्यांचे काम आहे. असे औषध घेणारा माणूस पूर्ण दमला तरी त्याचे ठोके सूत्रातल्या आकड्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, ५८ वर्षांचे एक गृहस्थ बीटा ब्लॉकर घेत आहेत. सूत्राने त्यांची कमाल १६२ येते आणि तिच्या ७० टक्के म्हणजे ११३ ठोके झाल्यावर व्यायामाचा टप्पा सुरू झाला असे ॲप मानते. आता त्यांची टीएमटी गोळ्या घेऊन झाली, ईसीजीत काही दोष दिसला नाही, पण ठोके १३४ च्या वर गेले नाहीत आणि सकाळी उठल्यावरचे विश्रांतीचे ठोके ६४ आहेत. १३४ मधून ६४ वजा केले की ७० उरतात. या ७० चे ४० टक्के म्हणजे २८ आणि ७० टक्के म्हणजे ४९. हे आकडे ६४ मध्ये मिळवले की ९२ ते ११३ हा त्यांच्या व्यायामाचा पट्टा ठरतो. म्हणजे ॲप ज्या आकड्याला सुरुवात समजते, तो या गृहस्थांचा शेवट आहे. ॲपच्या सांगण्यावरून ते १३० गाठू लागले तर प्रत्येक सकाळी स्वतःच्या ताकदीच्या टोकाशी झुंजत राहतील.

चाचणीत १२० ठोक्यांवर ईसीजीत बदल दिसला असता तर हिशेब आणखी खाली आला असता, कारण अशा वेळी तज्ज्ञ त्या आकड्यापेक्षा किमान १० ठोके खालची मर्यादा देतात, म्हणजे ११०. हे गणित इथे समजण्यासाठी मांडले आहे, घरी बसून स्वतःची मर्यादा काढण्यासाठी नाही. गोळीचा डोस वाढला किंवा कमी झाला तर जुना आकडा बाद होतो, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्र कोणते घ्यावे

मनगटावरचे घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजते. छातीला बांधायचा पट्टा मात्र हृदयाची विद्युत हालचाल थेट टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली बिनतारी ठोकेमापक बाजारात आणला, तेव्हापासून खेळाडू हे पट्टे वापरत आले आहेत, आणि हालचाल चालू असताना आजही मनगटापेक्षा छातीचा पट्टाच अधिक भरवशाचा असतो. ज्यांना अमुक आकडा ओलांडू नका असे स्पष्ट सांगितले आहे, त्यांनी पट्टा घ्यावा असे माझे मत आहे. ज्यांना फक्त संथ चालायचे आहे, त्यांना मनगटावरचे घड्याळ पुरते. बायपासनंतर छातीच्या हाडावरचा व्रण पूर्ण भरेपर्यंत पट्टा टोचतो, त्यामुळे तोवर घड्याळावरच भागवावे लागते. अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल तर ती जागा भरेपर्यंत घड्याळ दुसऱ्या हातावर बांधावे.

पेसमेकर बसवलेल्यांनी खरेदीआधी दोन गोष्टी तपासाव्यात. काही घड्याळे शरीरातली चरबी मोजण्यासाठी अंगातून अतिसूक्ष्म वीजप्रवाह सोडतात. पेसमेकर असलेल्यांनी ही सोय वापरू नये. दुसरे म्हणजे घड्याळ, त्याचा चुंबकीय चार्जर आणि मोबाइल पेसमेकरच्या जागेपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावेत, म्हणजेच शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल ठेवायची सवय सोडावी लागते.

ईसीजी काढणारी घड्याळे महाग असतात. ॲपलने २०१८ साली आपल्या घड्याळात ही सोय दिली, त्यानंतर इतर कंपन्यांनीही दिली. हा ईसीजी शांत बसून, घड्याळाला दुसऱ्या हाताचे बोट लावून ३० सेकंदांत निघतो आणि त्यावरून एट्रियल फिब्रिलेशनसारख्या अनियमित ठोक्यांचा सुगावा लागू शकतो. हृदयविकाराचा झटका त्यावरून ओळखता येत नाही. दवाखान्यातला ईसीजी १२ बाजूंनी हृदय पाहतो, घड्याळ एकाच बाजूने. ईसीजी चांगला आला म्हणून छातीतले दुखणे अंगावर काढणे, हा या सोयीचा सर्वांत घातक वापर आहे.

बांधणी आणि पडताळणी

घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर, कोपराच्या बाजूला, हलणार नाही इतपत घट्ट पण रक्त अडणार नाही इतके सैल असावे. आपल्याकडे हातात बांगड्या, कडे किंवा पूजेचा लाल धागा असतो आणि घोटाळा तिथेच होतो. चालताना हात हलला की बांगड्या घड्याळावर आपटतात, ते हाडाकडे सरकते, मागून उजेड शिरतो आणि आकडा भरकटतो. बांगड्या उतरवायच्या नसतील तर त्या मनगटाकडे ठेवून घड्याळ त्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला बांधावे, किंवा एका हातातल्या बांगड्या कमी करून घड्याळ त्या हातात घालावे. अंगाला तेल लावून आलात तर ती जागा पुसून घ्यावी. छातीच्या पट्ट्याचे मात्र उलट आहे: त्याचे रबरी पॅड बांधण्याआधी पाण्याने ओले केले नाहीत तर पहिली काही मिनिटे आकडे काहीच्या काही येतात.

चालताना घड्याळ आणखी एक चूक करते, ती ओळखता आली पाहिजे. हाताच्या झोक्याची लय इतकी ठळक असते की घड्याळ ठोक्यांऐवजी पावलेच मोजू लागते. झपाझप चालणारा माणूस मिनिटाला ११० ते १२० पावले टाकतो, आणि घड्याळ ११५ ठोके दाखवत असते, जेव्हा खरे ठोके ९५ असतात. शंका आली की थांबून हात स्थिर धरावा. काही सेकंदांतच आकडा धाडकन खाली आला तर तो पावलांचा होता, कारण खरे ठोके सावकाश उतरतात.

पडताळणीची खरी पद्धत जुनीच आहे. तळहात वर करून, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या खाचेत दुसऱ्या हाताची मधली दोन बोटे हलकेच टेकवावीत, ३० सेकंद नाडी मोजावी आणि तिची दुप्पट करावी. ठोके अनियमित असतील तर पूर्ण ६० सेकंद मोजावेत. पहिला आठवडाभर बसलेले असताना, चालून थांबल्यावर लगेच आणि पाच मिनिटांनी, अशा तीन वेळी नाडी व घड्याळ यांचे आकडे शेजारी लिहावेत. ते चार-पाच ठोक्यांच्या आत जुळत असतील तर घड्याळावर विसंबता येते. एट्रियल फिब्रिलेशन असणाऱ्यांत काही ठोके इतके क्षीण असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. तिथे घड्याळ आणि बोटे दोन्ही कमी मोजतात, म्हणून त्यांनी आकड्यापेक्षा दमाकडे अधिक लक्ष द्यावे.

घड्याळात करायचे बदल

ॲपमध्ये कमाल ठोके आणि हार्ट रेट झोन (ठोक्यांचे टप्पे) हाताने भरण्याची जागा असते. वयावरून आपोआप भरलेले आकडे काढून डॉक्टरांचे आकडे तिथे टाकावेत. ठोके वाढल्याची जी सूचना घड्याळात आधीपासून असते, ती अनेक घड्याळांत तुम्ही निवांत असतानाच चालते, व्यायाम सुरू असताना नाही. अनियमित ठोक्यांची सूचनाही बहुधा शांत बसलेले असतानाच तपासली जाते. त्यामुळे व्यायामाच्या प्रकारात जाऊन तिथली वरच्या मर्यादेची सूचना वेगळी सुरू करावी लागते, आणि ती आवाजापेक्षा कंपनाची ठेवावी, कारण रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये बीप ऐकू येत नाही. मर्यादा ११३ असेल तर सूचना ११० ला लावावी. हे बदल झाल्यावर घरातल्या घरात चालून घड्याळ खरेच थरथरते का ते पाहावे.

प्रत्यक्ष व्यायाम

पहिल्या आठवड्यांत सपाट जागा निवडावी. सेमिनरी हिल्सची सावली मोहक असली तरी तिथला चढ नवख्या हृदयासाठी नाही. सुरुवातीची ५ ते १० मिनिटे अगदी संथ चालावे, मग वेग वाढवून ठोके डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ आणावेत आणि शेवटी पुन्हा तितकाच वेळ संथ चालावे. हा शेवटचा भाग लोक टाळतात. चालता चालता एकदम थांबले की पायांत गेलेले रक्त पुरेसे परत वर चढत नाही, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊ शकते. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांत तर ही शक्यता अधिक असते. सुरुवातीला १० मिनिटांचा मुख्य भाग पुरे आहे, पुढे तो आठवड्याला थोडाथोडा वाढवावा. आठवड्याला १५० मिनिटे हे उद्दिष्ट कधी गाठायचे, ते आपल्या प्रकृतीला ठरवू द्यावे.

सोबत चालणाऱ्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, गाणे म्हणता येऊ नये, इतपतच श्रम असावेत. आकडा मर्यादेत असून बोलताना शब्द तुटत असतील तर वेग कमी करावा. आकडा आणि दम यांचे जुळले नाही तर दमाचे ऐकावे, हा नियम मी प्रत्येक नवख्याला सांगतो. जेवणानंतर किमान दीड-दोन तास जाऊ द्यावेत. फिरून आल्यावर तर्री पोह्यांच्या ठेल्याशी थांबायची आपली सवय मीठ आणि तेल वर्ज्य सांगितलेल्यांनी तेवढी आवरावी. वजने उचलायची परवानगी असेल तर श्वास रोखून जोर लावू नये, कारण त्यात रक्तदाब एकदम उसळतो आणि घड्याळाला ते कळत नाही.

नागपूरचे ऊन आणि थंडी

एप्रिलपासून आपल्याकडे हा वेगळा विषय होतो. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, घामाने अंगातले पाणी घटते, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालूनही ठोके जानेवारीपेक्षा बरेच जास्त पडतात. मर्यादेचा आकडा मात्र तोच राहतो, म्हणून वेग कमी करणे हाच उपाय आहे. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा सहा-साडेसहापर्यंत घरी परतावे. पारा ४५ च्या आसपास फिरू लागला आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू झाला की बाहेरचे फिरणे बंद करून घरातच कुलरसमोर, पण खिडकी उघडी ठेवून, येरझारा घालाव्यात. पाणी भरपूर प्या हा सर्वांना दिला जाणारा सल्ला हृदय कमकुवत असलेल्यांना जसाच्या तसा लागू नाही. त्यांना पाण्याचे माप ठरवून दिलेले असते आणि लघवीच्या गोळ्याही चालू असतात, म्हणून उन्हाळ्यापुरते ते माप डॉक्टरांकडून बदलून घ्यावे.

डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे उलट अडचण असते. गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, आणि बोटे-मनगट गार पडल्याने घड्याळाचे मोजमापही बिघडते. सूर्य वर आल्यावर, कान झाकून, बाहीखाली घड्याळ ठेवून निघावे.

थांबण्याच्या खुणा

छातीत दाब, जळजळ किंवा जडपणा, तो जबडा, खांदा किंवा हातात उतरणे, अकारण घाम फुटणे, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड सुरू होऊन न थांबणे, नेहमीच्या वेगाला न शोभणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर घड्याळ ८० दाखवत असले तरी तिथेच बसावे. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीत दुखण्याऐवजी नुसता प्रचंड थकवा, मळमळ किंवा दम एवढेच दिसू शकते. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलसारखे औषध घेत असाल तर ही गोळी धोक्याची ठरू शकते, हे डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगून ठेवावे. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करावा, आणि अशी गोळी दिलेलीच नसेल तरी थांबूनही दुखणे चालू राहिले तर तेच करावे. स्वतः स्कूटर चालवत दवाखाना गाठण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. फिरायला जाताना खिशात नाव, औषधांची यादी आणि घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवावा. मोबाइलला कुलूप असले तरी हा कागद वाचता येतो.

नोंदवही

सकाळी उठल्यावर, चहाआधी, विश्रांतीचे ठोके लिहावेत. ते नेहमीपेक्षा दहाने वाढलेले दिसले तर ताप, जागरण किंवा पाणी कमी पडणे यांपैकी काही कारण आहे का ते बघून त्या दिवशी व्यायाम टाळावा. सलग काही दिवस तसेच राहिले तर डॉक्टरांना कळवावे. फिरणे झाल्यावर वेग कमी केल्यापासून एका मिनिटात ठोके किती उतरले तेही लिहावे. हा फरक वारंवार १२ किंवा त्याहून कमी येत असेल तर ती दाखवण्याजोगी बाब आहे. रोजचे शंभर आलेख छापून नेऊ नयेत, तेवढा वेळ कोणाकडेही नसतो. एका पानावर तारीख, विश्रांतीचे ठोके, व्यायामातले सर्वाधिक ठोके, दम कसा होता आणि काही त्रास झाला का, एवढेच असावे. ते पान पाहून डॉक्टर मर्यादा वाढवतील, तशीच ठेवतील किंवा गोळी बदलून कमी करतील. जो नवा आकडा मिळेल तो कागदावर लिहून घ्यावा आणि त्याच संध्याकाळी घड्याळातही बदलावा.